कादंबरीकाराचा आवाज आणि फोटो: ट्रंक उघडल्यापासून नोंदवही होईपर्यंत

एखाद्या कादंबरीकाराच्या घरी माळ्यावरून ट्रंक खाली येते. आत दोन अल्बम, लिफाफ्यांतले सुटे फोटो, सात-आठ कॅसेटी आणि कधी कधी एखादं स्पूल, म्हणजे चाकावर गुंडाळलेली उघडी टेप. घरातलं कुणीतरी उत्साहानं म्हणतं, "स्कॅन करून टाकू, एका रविवारचं काम आहे." तो रविवार उजाडायच्या आधी हा लेख वाचावा, म्हणून लिहितो आहे. घरची माणसं, गावच्या वाचनालयातले कार्यकर्ते, मराठीचे विद्यार्थी, ज्यांनी हे काम पूर्वी कधी केलेलं नाही अशा सगळ्यांसाठी तो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. स्कॅनर पुढच्या वर्षीही मिळेल. फोटोतली माणसं ओळखणारी आजी पुढच्या वर्षी असेल की नाही, सांगता येत नाही. म्हणून यंत्र नंतर, माणसं आधी. हा क्रम बहुतेक जण उलटा करतात. मग हजार फोटो संगणकात सुरक्षित राहतात, पण त्यांतले सातशे कुणाचे हे जगात कुणालाच माहीत नसतं.

ट्रंक उघडल्यावर काय करू नये

काही वेगळं काढू नका, लावू नका, पुसू नका. आहे तशी ट्रंक वरून मोबाइलनं टिपा. मग एकेक थर काढताना पुन्हा टिपा. कोणता फोटो कोणत्या लिफाफ्यात होता, कॅसेट कोणत्या पत्राबरोबर रबर लावून ठेवली होती, ही जागासुद्धा माहितीच असते. ती एकदा मोडली की परत जुळत नाही.

आपल्याकडे पावसाळा संपला की ट्रंकेतल्या वस्तूंना ऊन दाखवायची पद्धत आहे. कपड्यांना ते ठीक. फोटो आणि टेपा मात्र उन्हात कधीच ठेवू नका. डांबरगोळ्या असतील तर त्या लगेच बाहेर काढा. लॅमिनेशन करू नका. फाटलेल्या फोटोला चिकटपट्टी लावू नका.

कॅसेटींचं एक काम मात्र त्याच दिवशी उरका. कॅसेटच्या मागच्या कडेला, टेप दिसते त्याच्या विरुद्ध बाजूला, दोन छोटे प्लास्टिकचे चौकोन असतात. ते तोडून टाका. म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसला जाणार नाही. चौकोन आधीच तुटलेले असतील आणि त्या खाचेवर चिकटपट्टी मारलेली असेल, तर कुणीतरी त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड करायची तयारी केली होती असं समजा. ती पट्टी काढा आणि तशी नोंद करा.

भिंतीवरचा फोटोही विसरू नका. लेखक गेल्यावर घरातला सगळ्यात चांगला फोटो फ्रेममध्ये जातो, त्याला हार चढतो, काचेवर गंध लागतं आणि वर्षानुवर्षं समोरच्या खिडकीतलं ऊन त्यावर पडतं. अनेक घरांत मूळ प्रत तीच असते. तिची चांगली नक्कल करून भिंतीवर नक्कल लावा, हार तिलाच घाला. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. वरचा जिलेटिनचा थर काचेवर राहतो आणि चेहरा जातो. असा फोटो काचेसकटच स्कॅन करायचा.

जीवनपट आधी तयार करा

कोऱ्या कागदावर लेखकाचं आयुष्य वर्षांनिशी मांडा. हा तक्ता हाताशी असला की निम्मे फोटो आपोआप आपापल्या जागी जातात. उदाहरणासाठी वि. स. खांडेकर घेऊ, कारण त्यांचं आयुष्य बऱ्याच लोकांना माहीत आहे आणि नवशिक्याला पडणारे बहुतेक पेच त्यात सापडतात.

जन्म जानेवारी १८९८, सांगली. १९२०पासून शिरोड्याच्या शाळेत शिक्षक. १९३०मध्ये त्याच शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह. त्याच वर्षी पहिली कादंबरी 'हृदयाची हाक'. १९३४मध्ये 'दोन ध्रुव' आणि 'उल्का'. १९३६मध्ये मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या 'छाया'ची कथा. १९३८मध्ये शिरोडं सोडून कोल्हापूर. १९४१मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. 'ययाति' १९५९, तिला साहित्य अकादमी पुरस्कार १९६०. पद्मभूषण १९६८. ज्ञानपीठ १९७४चं. निधन २ सप्टेंबर १९७६, मिरज.

आता पेच बघा. खांडेकरांचं जन्मनाव गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णू सखाराम झाले. म्हणजे एखाद्या जुन्या शाळेच्या गटफोटोखाली 'ग. आ. खांडेकर' असं छापलेलं असेल, तर नवखा माणूस तो फोटो दुसऱ्या कुणाचा म्हणून बाजूला ठेवील. लेखकाची सगळी नावं, टोपणनावं, घरातली हाकेची नावं तक्त्याच्या डोक्यावर लिहा. लेखिका असेल तर माहेरचं नाव हवंच, नाहीतर तिचं लग्नापूर्वीचं सगळं आयुष्य संग्रहातून गळून पडतं.

दुसरा पेच गावांचा. शिरोडं त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. फोटोमागे 'जि. रत्नागिरी' लिहिलेलं असेल तर ते चूक समजून दुरुस्त करू नका. तेव्हाचा आणि आत्ताचा, दोन्ही जिल्हे नोंदवा.

तिसरा पेच पुरस्कारांचा. पुरस्काराचं वर्ष आणि समारंभाचं वर्ष एकच असेल असं नाही. ज्ञानपीठ १९७४चं, म्हणून शाल-श्रीफळाच्या फोटोवर १९७४ लिहून मोकळं होऊ नका. त्या दिवसाचं वर्तमानपत्र किंवा निमंत्रणपत्रिका मिळेपर्यंत सन कोरा राहिला तरी चालेल.

माणसांना विचारणं

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. फोटोंच्या मोठ्या, स्वस्त छापील प्रती काढा. मोबाइलच्या पडद्यावर ऐंशीच्या पुढच्या माणसाला चेहरे दिसत नाहीत, आणि आपण बोटानं मोठं करून दाखवतो तेव्हा बाजूचं सगळं जातं. बरेचदा ओळख पटते ती बाजूच्या गोष्टींवरूनच: कट्ट्यावरून, तुळशीवृंदावनावरून, मागे वाळत घातलेल्या लुगड्यावरून.

"हे दादाच ना?" असं विचारू नका. म्हाताऱ्या माणसांना तुमचं मन मोडवत नाही, ती हो म्हणतात. "हा फोटो कुठला?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत राहा, अर्थात आधी परवानगी घेऊन. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण बोलतंय हे आपल्या तोंडानं सांगा.

दोन माणसांना एकत्र बसवू नका, निदान पहिल्यांदा तरी नको. मी एकदा दोघी बहिणींसमोर एकच गटफोटो ठेवला. थोरलीनं कोपऱ्यातल्या टोपीवाल्याला कादंबरीकार म्हटलं, धाकटीनंही मान हलवली, आणि मी तसं लिहून टाकलं. दोन महिन्यांनी धाकटी एकटी भेटली तेव्हा म्हणाली, "अरे, तो आमचा मामा. ताईपुढे कुठं बोलायचं!" तेव्हापासून मी प्रत्येक नावापुढे तीनांपैकी एक शब्द लिहितो: नक्की, बहुधा, ऐकीव. शिवाय कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं, तेही. पुढच्या अभ्यासकाला तुमची शंकासुद्धा उपयोगी पडते.

गटफोटोची नोंद नेहमी डावीकडून उजवीकडे आणि ओळीवार करा: बसलेले, उभे, जमिनीवरचे. ओळख न पटलेल्या माणसाचीही जागा सोडा: 'उभे, डावीकडून तिसरी, अनोळखी स्त्री.' स्त्रियांच्या जागी 'सौ.' आणि नवऱ्याचं नाव एवढंच सांगितलं जातं. तिचं स्वतःचं नाव आग्रहानं विचारा. हस्तलिखितांच्या स्वच्छ प्रती कुणी काढल्या, हे अशाच वेळी कळतं. खांडेकरांची दृष्टी उतारवयात गेली आणि ते मजकूर सांगत, दुसरं कुणी लिहून घेई. अशा लेखकाच्या संग्रहात लेखनिक कोण, हा प्रश्न लेखकाच्या चेहऱ्याइतकाच महत्त्वाचा.

फोटोचं वय कसं ओळखावं

पाठ आधी वाचा. स्टुडिओच्या शिक्क्यात पिनकोड असेल तर फोटो किंवा निदान ही प्रत १५ ऑगस्ट १९७२ नंतरची, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. किंमत आण्यांत लिहिलेली असेल तर १९५७मध्ये नवे पैसे येण्याच्या सुमाराची किंवा आधीची. 'मुंबई राज्य' लिहिलेलं असेल तर १ मे १९६०च्या आधीची. भिंतीवर दिनदर्शिका दिसत असेल तर मोठ्या रेझोल्यूशननं स्कॅन करा. तारीख आणि वार जुळवून वर्ष बऱ्यापैकी नक्की करता येतं.

पण प्रत नवी आणि मूळ फोटो जुना असंही होतं. पंचविशीच्या वि. सं.च्या फोटोमागे पिनकोडचा शिक्का दिसला तर गोंधळू नका. जुन्या फोटोवरून नंतर कुणीतरी काढलेली ती प्रत. मग मूळ कुठं आहे हे शोधायचं.

टेपांनाही हाच न्याय. फिलिप्सची कॅसेट बाजारात आली १९६३मध्ये, आणि आपल्या घराघरांत पोचायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. त्यामुळे १९६०च्या दशकातलं भाषण कॅसेटवर सापडलं, तर ती बहुधा स्पूलवरून उतरवलेली प्रत. कॅसेट जपाच, पण स्पूल कुणाकडे आहे याची चौकशी त्याच दिवशी सुरू करा.

स्कॅनिंग

हात धुऊन कोरडे करा, फोटो कडांनी धरा, मऊ रुंद ब्रशनं धूळ झटका. पाणी, स्पिरिट, काच पुसायचं द्रावण, काही लावू नका.

अल्बम सोडवण्याआधी त्याचं पानन् पान अखंड टिपा. काळ्या कागदाचे, कोपऱ्यांत फोटो अडकवलेले अल्बम तसेच राहिले तरी चालतात. घात करतात ते सत्तर-ऐंशीच्या दशकांतले चिकट पानांचे आणि वर प्लास्टिकची पन्नी असलेले अल्बम. त्यातला डिंक पिवळा पडतो आणि फोटोत उतरतो. फोटो सहज निघत असेल तरच काढा. अडला तर दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोमागून हळूहळू सरकवून बघा. तरीही सुटत नसेल तर पान तसंच ठेवा.

साध्या फोटोसाठी ६०० पीपीआय (म्हणजे इंचाला ६०० ठिपके), ३५ मिमीच्या निगेटिव्हसाठी ३००० ते ४०००. फाइल टिफमध्ये. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, कारण पिवळेपणा, डाग आणि शाईचा रंग हीही माहितीच आहे. स्कॅनरमधली आपोआप सुधारणा बंद ठेवा. प्रत्येक फोटोच्या दोन्ही बाजू घ्या, मागची कोरी असली तरी.

जुन्या निगेटिव्हच्या कडेवर 'सेफ्टी' असं इंग्रजीत छापलेलं आहे का बघा. १९५०च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या फिल्मवर ते नसेल, तर ती नायट्रेटची असू शकते आणि नायट्रेट पेट घेतं. ती वेगळी, थंड जागी ठेवा, हवाबंद डब्यात कोंडू नका आणि जाणकाराला दाखवा. काचेच्या निगेटिव्ह एकावर एक रचू नका, कडेवर उभ्या ठेवा.

फाइलच्या नावात गोष्ट सांगायचा मोह टाळा. क्रमांक पुरे. फोटो क्रमांक १, त्याची पुढची बाजू आणि मागची बाजू. बाकी सगळं नोंदवहीत. फाइलच्या नावात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ठेवा, मोकळी जागा सोडू नका. तोच क्रमांक मूळ फोटोमागे कडेला मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. बॉलपेननं कधीच नाही, त्याचा उठाव समोरून दिसतो. प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पाठीच्या रंगीत फोटोंवर पेन्सिल उठत नाही. त्यांचा क्रमांक लिफाफ्यावर.

आवाज उतरवणं

फोटो चुकीचा स्कॅन झाला तर पुन्हा करता येतो. टेप मात्र कदाचित एकदाच वाजेल. म्हणून इथं घाई नको.

आधी वास घ्या आणि डोळ्यांनी बघा. स्पूलला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती अ‍ॅसिटेटची टेप आहे आणि कुजायला लागली आहे. तिला बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि पहिला नंबर तिचा लावा. टेपेच्या कडेवर पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. कोकणातल्या घरांत ही हमखास सापडते. बुरशी लागलेली टेप घरच्या डेकवर, म्हणजे टेप वाजवायच्या यंत्रावर, लावू नका. डेक बिघडतो, आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला ती लागण होते. गुंडाळी चिकटत असेल, वाजवताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर लगेच थांबा. ते काम तज्ज्ञांचं.

ठीक दिसणारी कॅसेट पेन्सिलीनं थोडी फिरवून बघा, मोकळी फिरते का. आतली छोटी फेल्टची गादी निघाली असेल तर कॅसेट वाजेल, पण आवाज दबलेला येईल. अशा वेळी टेप स्क्रूनं उघडणाऱ्या दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमध्ये घालून घ्यावी. सी-१२०ची, म्हणजे १२० मिनिटांच्या कॅसेटची, टेप फार पातळ असते. ती पुढे-मागे पळवू नका.

डेक चांगला हवा. त्याचं हेड, म्हणजे टेपेवरचा आवाज वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलेलं हवं. लेखकाच्या टेपेवर प्रयोग करण्याआधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून बघा. हेडचा कोन जुळलेला नसेल तर 'स', 'श' ही अक्षरं बोथट ऐकू येतात. तो कोन जुळवणारा बारीक स्क्रू जाणकाराच्याच हाती द्या. स्पूलचा वेग बहुधा ९.५ किंवा १९ सेंटिमीटर प्रतिसेकंद असतो. आवाज चिरका किंवा रेंगाळलेला आला तर वेग चुकला आहे.

रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलमध्ये. दोन ट्रॅकच्या तासाभराला सुमारे २ जीबी जागा लागते. एमपी३ ऐकायला आणि पाठवायला, मूळ प्रत म्हणून नको. आवाजाची पातळी लाल रेषेच्या बरीच खाली ठेवा. टेप सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सगळं घ्या, दोन्ही बाजू, शांतता आणि खरखर धरून.

हे मी कळकळीनं सांगतो, कारण एकदा माझ्या हातून हे गेलं. एका कादंबरीवाचनाची कॅसेट मी एका दुकानात उतरवायला दिली. त्यांनी ती 'स्वच्छ' करून दिली. खरखर गेली, आणि तिच्याबरोबर सभागृहातला पंखा, वाचताना उलटलेली पानं, लेखकानं पाणी प्यायला घेतलेला विराम आणि शेवटी मागून आलेला "अजून एक पान वाचा ना" हा बाईचा आवाजही गेला. मूळ कॅसेट पुढच्या पावसाळ्यात बुरशीनं गेली. सफाई करायची तर दुसऱ्या प्रतीवर करा. पहिली प्रत जशी आहे तशी.

मग ऐकून लिहून काढा. लेखकानं 'व्हतं' म्हटलं असेल तर 'होतं' लिहू नका. मालवणी, वऱ्हाडी, माणदेशी, जे कानावर पडलं ते. दर पाच मिनिटांनी वेळ टाका. छापील कादंबरीतला उतारा वाचला असेल तर पुस्तकाशी ताडून बघा. वाचताना लेखकानं शब्द बदलला असेल, वाक्य गाळलं असेल, तर ती जागा नोंदवा. लेखकाचा स्वतःच्या मजकुरावर फिरलेला शेवटचा हात कधी कधी फक्त आवाजातच सापडतो.

बाहेरचा शोध

घरात नसलेलं कुठं असेल, याची यादी जीवनपटावरूनच करायची. आकाशवाणीवर भाषणं झाली असतील तर केंद्राला अर्ज करा. जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी प्रसार भारतीचा अभिलेखागार आहे. कादंबरीवर चित्रपट निघाला असेल किंवा लेखकानं पटकथा लिहिली असेल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय गाठा. १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत चित्रपटांबरोबर स्थिरचित्रं, पोस्टरं आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपलेल्या आहेत. खांडेकरांसारख्या 'छाया', 'ज्वाला', 'अमृत' लिहिणाऱ्या लेखकाचा शोध तिथं गेल्याशिवाय पुरा होत नाही. साहित्य अकादमीनं लेखकांवर माहितीपट केले आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं आपल्या दिल्लीच्या कार्यालयामार्फत दक्षिण आशियातल्या लेखकांचे आवाज मुद्रित केले, त्यांत मराठीही आहे आणि ते घरबसल्या ऐकता येतात.

संमेलनाच्या स्मरणिका, दिवाळी अंक, प्रकाशकाकडचे फोटो, जुन्या स्टुडिओच्या वारसांकडच्या निगेटिव्ह, शाळेच्या शतकमहोत्सवी पुस्तिका, हे सगळं पालथं घाला. भाषांतरंही विसरू नका. खांडेकर तमिळमध्ये अतिशय वाचले गेले. अशा लेखकाचा मागोवा चेन्नईपर्यंत जाऊ शकतो. आणि काम सुरू करण्यापूर्वी एखादं लेखक-संग्रहालय प्रत्यक्ष बघून या. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात खांडेकरांचं आहे. फोटोखाली ओळी कशा लिहिल्या आहेत, वस्तू प्रकाशापासून कशा जपल्या आहेत, हे बघायला अर्धा दिवस काढा.

हक्क

फोटो हातात असणं आणि त्याचा हक्क असणं या वेगळ्या गोष्टी. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. खांडेकरांच्या बाबतीत २०३६ अखेरपर्यंत. जाहीर भाषणाचा पहिला हक्क बोलणाऱ्याचा, टेप करणाऱ्याचा नव्हे. ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं. पैसे देऊन स्टुडिओत काढवून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा. मित्रानं हौसेनं काढलेल्या फोटोचा हक्क मित्राचा. वारसांकडून साध्या मराठीत एका पानाचं संमतिपत्र घ्या: काय जपायचं, कुणी बघायचं, काय छापायचं, काय अमुक वर्षापर्यंत झाकून ठेवायचं. घरातल्या खासगी कॅसेटी जाहीर करायच्या नसतील तर तो त्यांचा अधिकार आहे. जपणूक तरीही करा.

ठेवणं

मूळ वस्तूंना अ‍ॅसिडमुक्त कागदाचे लिफाफे, वर पुठ्ठ्याची पेटी, ती लोखंडी कपाटात. कपाट बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, आत पाणी धरतं. कॅसेटी पूर्ण एका बाजूला गुंडाळून, कव्हरात, पुस्तकासारख्या उभ्या, आणि स्पीकरपासून दूर.

डिजिटल प्रती तीन: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावातल्या विश्वासू नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. दर फाइलचा चेकसम, म्हणजे संगणकानं त्या फाइलवरून काढलेली खूण-संख्या, काढून ठेवा, म्हणजे फाइल आतून बदलली तर कळेल. वर्षातून एकदा डिस्का लावून बघायच्या. त्यासाठी एक दिवस ठरवून टाका, लेखकाची पुण्यतिथी सोयीची पडते. नोंदवहीची छापील प्रत त्याच कपाटात, पहिल्या पेटीत सगळ्यात वर. तिच्या पहिल्या पानावर कोणी माहिती दिली त्यांची नावं, आणि शेवटची दहा पानं कोरी ठेवा, 'अनोळखी' म्हणून नोंदलेल्यांपैकी कुणाचं नाव पुढे कळलं तर लिहायला.